सहा वर्षांची सरळ रेषा

शेवटचा आलेख पडद्यावर आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. सहा वर्षांची मोजमापं, आणि रेषा कशी, तर फूटपट्टी धरून ओढल्यासारखी.

संशोधिकेनं घसा खाकरला. "तारा पांढरा, ऐन उमेदीतला, मुख्य क्रमातला. वजनाला सूर्याच्या दुप्पट, तापमान साडेनऊ हजार अंश. जोडीदार नाही. इतका मंद, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेज कमीजास्त होतं का, हे पाहायचं होतं." तिनं रेषेकडे बोट केलं. "होत नाही."

कुणा एकाच्या जुन्या नोंदीत तो एकदा लुकलुकल्याचं लिहिलं होतं. त्या भरवशावर तिनं हा तारा पदरात घेतला होता. नोंदच चुकीची निघाली. महिनाअखेरीला तिच्या नेमणुकीची मुदत संपत होती आणि तिचे मार्गदर्शक सर तिच्याकडे न बघता चष्मा पुसत बसले होते.

नव्या दुर्बिणीच्या कामावरच्या पाहुण्या बाई मात्र पुढे सरकून बसल्या. "अजिबात नाही? एकदाही?"

"नाही. माफ करा."

"माफी कसली मागता? ठळक ताऱ्यांनी आमच्या दुर्बिणीचे डोळे दिपतात. बाकीच्यांचं तेज ताडून बघायला असाच मंद, पांढरा, तसूभरही न बदलणारा तारा हवाय. तीन वर्षं धुंडाळतोय आम्ही." त्यांनी वही उघडली. "पुढच्या महिन्यात तुम्ही काय करताय?"

संशोधिकेला हसू फुटलं. आवरेना. त्यातच उचकी लागली. सरांनी पाणी पुढे केलं, ते निम्मं सांडलं, मग सरही हसत सुटले. एकेका उचकीला एकेक पायरी गाळत ती तीन जिने उतरली आणि व्हरांड्यातून तिनं आईला फोन लावला.

"आई, आता सगळे तारे माझ्या ताऱ्यावरून मोजणार. तो सहा वर्षांत जरासुद्धा बदलला नाही ना, म्हणून."

"म्हणजे काहीच केलं नाही, म्हणून त्याला नोकरी लागली?"

"हो," ती उचकी गिळत म्हणाली, "आणि त्याच्या वशिल्यानं मलाही."