शेजारची पंगत

आक्काबाईंचा एकुलता एक मुलगा कल्याण बारा एकर बागायत सोडून संन्यासी झाला, तेव्हा गावाला अभिमान वाटला आणि भावकीला समाधान. आक्काबाई तेव्हापासून एकट्याच जेवतात.

यंदा सप्ताहाला कल्याण महाराज आपल्या गावी, कोल्हारला आले. संन्याशाने स्वतःच्या घरी जेवायचं नसतं, म्हणून पंगत शेजारच्या पुष्पावतीकडे बसली. आक्काबाईंनी तिच्याच चुलीवर लेकासाठी हुलग्याची शेंगोळी केली आणि दाराआड उभ्या राहिल्या.

महाराजांनी वाटी बाजूला सारली. "हे फार आवडायचं. म्हणून पहिल्यांदा हेच सोडलं."

पुष्पावती आत येऊन हळूच म्हणाली, "आक्का, शिवलं बी न्हाई वो त्यांनी."



"व्हय गं. पन आवडायचं म्हनला न्हवं?"