चटणीवर चालणारा सबवूफर

“सिनेमा सुरू होतोय, मिक्सर लाव,” नवऱ्याने हॉलमधून हाक मारली.

आमचा नवा सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर, टीव्हीचा आवाज आला की आपोआप चालू व्हायला हवा होता. तो व्हायचा नाही. मी मिक्सर लावला की मात्र त्याचा लाल दिवा हिरवा व्हायचा आणि खोली दणाणायची. त्यामुळे दर रविवारी सिनेमाआधी लसणाची चटणी वाटली जायची. माझे सासरे, अण्णा, भाकरीचं ताट घेऊनच बसायचे. सिनेमात त्यांना काडीचाही रस नव्हता.

शेवटी मेकॅनिक आला. “मागचं बटण ‘लो’वर आहे. बारीक आवाज याला कळतच नाही. मिक्सरने लाइनला झटका बसला की तेवढा उठतो,” म्हणत त्याने बटण ‘हाय’वर सरकवलं. त्या रविवारी सबवूफर आपला आपण चालू झाला. नवरा खुशीत. अण्णांनी लोणच्याशी भाकरी खाल्ली आणि पहिल्या गाण्यालाच उठून गेले.

पुढच्या रविवारी दिवा पुन्हा लालच. “फसवलं त्या मेकॅनिकने,” नवरा करवादला. मी वाकून मागे पाहिलं. बटण ‘लो’वर होतं आणि त्यावर लोणच्याच्या तेलाचं पिवळं बोट उमटलं होतं. अण्णा पेपरात तोंड खुपसून बसले होते.

बटण आहे तसंच ठेवून मी डाग तेवढा ओढणीने पुसला.

“अण्णा, लसूण जरा जास्त घालू?”

“घाल,” पेपरामागून आवाज आला. “आज सिनेमा मोठा आहे.”