आईसाठी आलेली गाडी

अधिवेशनासाठी राजधानीत अडकलेल्या आमदाराचं सभागृहात लक्ष लागत नव्हतं. तिकडे गावी आईला धाप लागली होती, आणि इथे गावोगावचे सरकारी दवाखाने बंद करायच्या विधेयकावर मतदान व्हायचं होतं. आपण विरोधात मत देणार, असं तो सगळ्यांना ठणकावून सांगून बसला होता.

मधल्या सुट्टीत पक्षाच्या नेत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आईची काळजी सोड. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची गाडी एव्हाना तुझ्या दारात पोहोचली असेल. आता तूही जरा समजूतदारपणा दाखव."

शेवटी, आईपुढे कसलं आलंय विधेयक, अशी स्वतःची समजूत घालत आमदाराने बायकोला फोन लावला.

"आई निघाली का गं?"

"गाडी आली नि गेलीसुद्धा. तुमच्या पक्षाने पाठवलीय हे कळताच आईंनी शेजारच्या अडलेल्या बाळंतिणीला तिच्यात बसवून दिलं. त्या स्वतः इथल्याच सरकारी दवाखान्यात आहेत, ऑक्सिजन लावलाय. आता बरं आहे. थांबा, त्यांनाच बोलायचंय तुमच्याशी."

तोंडावरचा मास्क बाजूला सारून आई धापा टाकत म्हणाली,



"मी काही इथून हलत नाही. बघू तरी, मी आत असताना या दवाखान्याला टाळं लावायची माझ्या लेकाची छाती होते का!"