पेजेवेळचा कोपरा

मुळगावच्या सुतारशाळेत गौरेशने नवी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरकामाचं मशीन, आणली. टेबलाच्या खाचांत रबराची दोरी नीट बसवली, तिच्यावर फणसाचा पाट ठेवला आणि पंप सुरू केला.

"बाबा, आता हालवून बघ."

त्याच्या म्हाताऱ्या बापाने, बाबलीने, दोन्ही हातांनी जोर लावला. पाट तसूभर हलला नाही. ना खिळा, ना पाचर.

"धरलां कोणी रे?"

"कोणीच नाय. पंप खालची हवा ओढून घेता, म्हणान पाट चिकटून रवता."

बाबलीला हसू आलं. त्याची बायको सुमंगला होती तोवर पाट धरायचं काम तिचं. पाटावर मधोमध बसून ती सुपात तांदूळ निवडायची आणि बाबली तिच्याभोवती, काठाकाठाने वेल कोरत जायचा. नेमका शेवटचा कोपरा यायचा आणि चुलीवरची पेज आठवून ती उठून पळायची. मग तेवढा कोपरा बाबली डुगडुगत्या पाटावरच कसाबसा उरकायचा.

गौरेशने नक्षी घेतली होती ती घरातल्या तसल्याच एका जुन्या पाटावरून. पडद्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हंय वेल वाकडी जाल्या. सरळ करू?"

"नाका. तशीच रवां दे."

मशीन चालू झालं. पाट शेवटपर्यंत जागचा हलला नाही. वेल मात्र त्या कोपऱ्याशी आली आणि डगमगली.

"गेली," बाबली पुटपुटला, "पेज उतरवूंक."