पिठाच्या डब्यामागं

जत्रेचं मटण दुसऱ्या दिवशी जेमतेम दोघांपुरतं उरलं होतं. संध्याकाळी सृष्टी भाकरी थापत होती, तेवढ्यात इंदापूरहून नवऱ्याच्या आत्या, बानूबाई, न कळवताच दारात येऊन उभ्या राहिल्या. सृष्टीनं पातेलं हळूच पिठाच्या डब्यामागं सरकवलं.

"आत्या, कालच यायचं व्हतं. आता रस्साबी उरला न्हाय," म्हणत तिनं पिठलं वाढलं. बानूबाईंनी ते चवीनं खाल्लं, हात धुतला आणि पिशवीतून एक डबा काढून तिच्यापुढं ठेवला.



"जत्रंत समद्यांना वाढून सुनंला नुसता रस्सा उरतो, पोरी. मी बी सून असताना तेच खाल्लंय. हे तुझ्यापुरतं मटण आणलंय, आता माझ्यासमोर खा."