बेट सरकतंय

"नाव उजवीकडे सरकतेय," वडिलांचं बोलणं सांगत कानातलं दुभाषी यंत्र म्हणालं, तशी नेसीमाईने नाव आणखी डावीकडे वळवली.

तळाशी पडून, पाठीला लागणाऱ्या लाटांवरून वाट ओळखणारे तिचे आंधळे वडील खवळले. यंत्राने तेही सांगितलं, "बहिरी झालीस का गं?"

प्यायचं पाणी सकाळीच संपलं होतं. सातावाल बेट हुकलं, तर पुढे नुसता समुद्र.

कानात यंत्र आलं आणि त्यांच्या बेटावरची मुलं आपली बोली विसरली. नेसीमाईही. देवाचं नाव घेत तिने यंत्राला विचारलं, "बाबा नेमकं हेच म्हणाले?"

"ते म्हणाले, बेट उजवीकडे सरकतंय. बेटं सरकत नाहीत, म्हणून मी चूक सुधारली."

तिला आठवलं. लहानपणी बाबा एक मूठ स्थिर धरून दुसरा हात त्या मुठीकडे आणत दाखवायचे, की नाव जागची हलत नाही, बेटंच चालत येतात.

तिने यंत्र उपटून फेकलं, नाव उजवीकडे वळवली. वडील काहीतरी पुटपुटले. शब्द एकही कळला नाही.

मग त्यांनी चाचपडत तिची मूठ घट्ट धरली आणि दुसरा हात हळूहळू त्या मुठीजवळ आणला.