सँक्शन

"ही हॅज बीन सँक्शन्ड. ही इज नॉट ऑन साइट," एवढंच बोलून कंपनीतल्या माणसाने फोन ठेवला.

सासऱ्यांनी स्पीकरवर लावलेला मोबाइल खाली ठेवला आणि दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या सुनेकडे लढाई जिंकल्यासारखं पाहिलं. "झालं काम. रजा सँक्शन झाली आणि चिरंजीव निघालेसुद्धा. तू उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस."

उभी हयात सरकारी कचेरीत काढलेला माणूस. बिल असो, बांधकाम असो, रजा असो, वरून सँक्शन आल्याशिवाय त्यांनी कधी खुर्ची सोडली नव्हती. स्वतःचा मुलगा जन्मला तेव्हासुद्धा ते दूरच्या गावी नोकरीवरच होते, कारण रजा मंजूर व्हायची होती. मुलाचं तोंड त्यांनी पाहिलं तेव्हा तो चांगला मान धरायला लागला होता. सासूबाई हे अजून सांगतात, आणि सांगताना त्यांच्याकडे बघत नाहीत.

सुनेच्या मात्र जिवात जीव आला. तिचं पहिलंच बाळंतपण. दिवस पुरे भरले नव्हते, पण रक्तदाब वर चढत चालला होता. उद्या सकाळी ऑपरेशन करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नवरा परमुलखात, एका डोंगराच्या पोटात बोगदा खणणाऱ्या कंपनीत इंजिनियर. रजा मागितली आहे, बघू, एवढं सांगून त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच. आता कळलं, की तो विमानात असणार. सासूबाईंनी सोललेलं संत्रं सकाळपासून तसंच पडलं होतं. ते तिने सगळं खाल्लं.

दुपारी नणंद शाळेतून थेट दवाखान्यात आली. ती वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायची. सासऱ्यांनी फोनवरची दोन्ही वाक्यं तिला कचेरीतल्या आवाजात जशीच्या तशी म्हणून दाखवली. नणंद हसली, पण ते हसू ओठांवरच अडकलं. आईबाबा खाली चहाला गेल्यावर ती खाटेच्या कडेला टेकली आणि तिने हळूच विचारलं, त्या माणसाच्या बोलण्यात रजेचं नाव होतं का.

नव्हतं. तो नुसतं 'ही', म्हणजे 'तो', एवढंच म्हणाला होता. दोन्ही वेळा.

नणंदेने खाटेवरची चादर उगाच सारखी केली.

"काय ते सांग," सून म्हणाली.

"रजा सँक्शन होते, वहिनी. कर्ज सँक्शन होतं. माणूस सँक्शन होत नाही. माणसाबद्दल तसं म्हटलं, की अर्थ उलटा होतो. म्हणजे त्याच्यावर कारवाई झाली. शिक्षा."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. लगेच फोन काढून कंपनीचा नंबर पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना.

सुनेच्या डोळ्यांपुढे बोगद्याचं तोंड उभं राहिलं. सुरुंग लावण्याआधी आतली सगळी माणसं बाहेर आली की नाही, हे नवरा स्वतः उभा राहून मोजायचा. एकदा त्याने तिला सांगितलं होतं, की झोपेत त्याला एकच स्वप्न पडतं: मोजणीत एक माणूस कमी भरतो. तसंच झालं असेल का? कुणी आत राहिलं असेल का? आणि तो साइटवर नाही तर मग कुठे आहे? कोठडीत? 'निघालेसुद्धा' म्हणून सगळ्यांनी आनंद केला होता. त्याला कुणी नेलं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि तडक बाहेर गेली. डॉक्टरीणबाई आल्या त्या घाईतच. आता उद्याची वाट बघायची नाही, आत्ताच घेऊ, म्हणाल्या.

बाहेर नणंदेने बाबांना खरा अर्थ सांगितला. ते आधी चिडले. आयुष्यभर हा शब्द लिहिलाय मी, तू मला शिकवतेस? मग चष्मा काढून बाकावर बसले. पुसायला घेतलेला चष्मा हातातच राहिला.

स्ट्रेचर बाहेर काढलं, तेव्हा सून छताकडे बघत होती. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी धावत येत होतं. पावलं जड होती. तिने मान वळवली तर आधी दिसले ते बूट, वाळलेल्या करड्या चिखलाने माखलेले. मग नवऱ्याचा चेहरा, दाढी वाढलेला.

त्याने तिचा हात धरला. तिला दुसरं काही सुचेना.

"माणसं सगळी बाहेर आली ना?"

"कुठली माणसं?" तो गोंधळला. "तिकडे सगळं ठीक चाललंय. तुला काय झालं एकदम?"

तिने डोळे मिटले. कानशिलावरून पाणी ओघळून उशीत गेलं.

सासरे बाकावरून उठून वाटेतच उभे राहिले होते. मुलाला ते आपादमस्तक न्याहाळत होते. ते बूट, खांद्यावरची एकच पिशवी.

"रजा सँक्शन झाली होती?" त्यांनी विचारलं. आवाज कचेरीतला नव्हता.

वॉर्डबॉयने स्ट्रेचर पुढे ढकललं. मुलाने तिचा हात सोडला नाही. तो तिच्याबरोबर चालू लागला आणि वडिलांपाशी पोचल्यावर खालच्या आवाजात म्हणाला,

"रजा नाही झाली, बाबा. तसाच निघून आलो. मग मीच झालो."